कॉम्बो नको, चिप बदला

2018-19च्या सुमारास बेतात बसवून जुळवलेला गेमिंग कॉम्प्युटर केडगाव-चौफुला पट्ट्यात आजही एखाद्या घरात सुरू असतो. रायझन 3 2200जी प्रोसेसर, त्यातल्या त्यात स्वस्त ए320 बोर्ड, आठ जीबी रॅम आणि नंतर कधीतरी कुणाकडून वापरलेलं घेतलेलं ग्राफिक्स कार्ड. अभ्यास, फॉर्म भरणं, पिक्चर, सगळं त्यावर होतं. अडतं ते व्हॅलोरंटमध्ये. समोर तीन-चार जण एकदम आले की चित्र गचके खातं.

मग मालक शटल पकडून पुण्याला जातो आणि दुकानदार त्याच्यापुढे ‘कॉम्बो’ ठेवतो: नवा प्रोसेसर, नवा बोर्ड, नवी रॅम. जुनं सगळं काढून टाका, कटकट नको. यात दुकानदाराची कटकट वाचते हे खरं. गिऱ्हाइकाच्या खिशाचं काय?

आधी दुखणं नक्की कुठं आहे ते बघावं, आणि ते घरी फुकट कळतं. गेममधलं रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणायचं. फ्रेम वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड दमलंय. जशाच्या तशा राहिल्या तर दोष बहुधा प्रोसेसरचा. 2200जीमध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड, त्यामुळे व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या खेळात तोच आधी धापा टाकतो. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 11 च्या यादीत ही चिप नाही. म्हणजे बदल करायला हवाच. प्रश्न आहे तो किती बदलायचं याचा.

रायझन बनवणाऱ्या एएमडीचं एएम4 सॉकेट, म्हणजे बोर्डावर चिप बसायची जागा, इथं कामी येतं. पहिला रायझन 2017 च्या मार्चमध्ये त्यावर आला. 2020 च्या मेमध्ये कंपनीने जाहीर केलं की रायझनची पुढची पिढी बी450सारख्या बोर्डांवर चालणार नाही. कारण दिलं की बायोसच्या, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेमरीत इतक्या चिपची माहिती मावत नाही. नुकतेच बोर्ड घेतलेल्यांनी जगभर शिमगा केला आणि दोन आठवड्यांच्या आत कंपनीने निर्णय फिरवला. 2022 मध्ये तर ए320 धरून 300 मालिकेच्या बोर्डांनाही वाट मोकळी झाली. तेव्हा बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत आपल्या मॉडेलपुढे त्याच पिढीतला रायझन 5 5600 दिसत असेल, तर कॉम्बोची गरज उरत नाही. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि वीज 2200जीइतकीच, 65 वॅटच्या वर्गातली. जुना पॉवर सप्लाय धड असेल तर तोही राहतो. फक्त एक बघावं: 5600 मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहणार. त्या घरासाठी 5600जी.

क्रम चुकला की मात्र पैसे पाण्यात. बायोस अपडेट आधी करायचं, जुनी चिप जागेवर असताना. अपडेटशिवाय स्वस्त बोर्डाला नवी चिप ओळखू येत नाही आणि चिपशिवाय बायोस भरायची सोयही बहुधा नसते. अपडेट अर्ध्यात असताना लाइट गेली तर बोर्ड मेलाच समजा. केडगावच्या वाड्या-वस्त्यांवर सिंगल फेजचा भरवसा किती, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. यूपीएस नसेल तर शेजारचा मागून आणावा, आणि वळवाचं आभाळ भरून आलं असेल तर काम दुसऱ्या दिवशी.

दुसरी खोच कूलरखाली. सहा-सात वर्षांत थर्मल पेस्ट वाळून पापड झालेली असते. कूलर सरळ वर ओढला तर एएम4 ची चिप सॉकेटचं कुलूप न उघडता त्याच्यासोबत उपटून येते, आणि हिच्या पिना बोर्डात नाहीत, चिपच्याच पोटाला आहेत. एक वाकली तरी पंचाईत. म्हणून दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करायची, कॉम्प्युटर बंद करून प्लग काढायचा, आणि कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे पिळत सोडवायचा. पंख्यात अडकलेली धूळ त्याच वेळी ब्रशने काढली तर नव्या चिपला श्वास घेता येईल.

इंटेलवाल्यांचं नशीब एवढं चांगलं नाही. सातव्या आणि आठव्या पिढीच्या सॉकेटात पिना 1151 च, तरी सातवीच्या बोर्डावर आठवी चालत नाही. तिथं बोर्ड बदलावाच लागतो. पण तेव्हाही डीडीआर4 रॅम घेणारा एच610 बोर्ड आणि आय5-12400एफ घेतला तर जुनी रॅम कामाला येते. एएमडीच्या नव्या एएम5 ला डीडीआर5 च लागते, आणि एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून, 2025 च्या अखेरीस, रॅमचे भाव भडकले. हातातली रॅम फेकून नवी घ्यायला लावणारा कॉम्बो आत्ता तर अजिबातच परवडत नाही. शिवाय कॉम्प्युटरच्या कंपनीने आधीच घालून दिलेलं विंडोजचं लायसन्स बोर्डाला बांधलेलं असतं. बोर्ड गेला की तेही गेलं. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये तो खर्च धरलाय का, हे पैसे मोजण्याआधी विचारावं.