वर्गणी कुणाची, वेळापत्रक कुणाचे?

सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने २०२० साली संमत केली आणि त्यानंतर पाच वर्षे ती बासनात पडून राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने ती अखेर अमलात आणली, तेव्हा चर्चा झाली ती घरोघर खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या तरुणांची आणि टॅक्सीचालकांची. ती व्हावयासच हवी होती. परंतु ज्या व्यवसायांतील कंपन्यांना सुरक्षा निधीत वाटा द्यावा लागणार आहे, त्यांची नऊ कलमी यादी या संहितेच्या सातव्या परिशिष्टात दिली आहे आणि तिच्यातील आठवे कलम आहे ‘आशय आणि माध्यम सेवा’. या चार शब्दांकडे कामगार चळवळीचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

हे लक्ष जावयास हवे, आणि सर्वांत आधी नवी मुंबईत जावयास हवे. घणसोलीतून देशातील एका बलाढ्य दूरसंचार कंपनीचा कारभार चालतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या शेजारी डेटा सेंटरच्या प्रचंड, मुक्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशा इमारतींत साठवला जाणारा माल आकाशातून पडत नाही. तो आसपासच्या वसाहतींतील दीड-दोन खोल्यांच्या घरांत, मोबाईल आणि एक दिवा यांच्या साहाय्याने तयार होतो. स्पर्धा परीक्षांची शिकवणी, अभंगगायनाचे पाठ, आगरी-कोळी हळदीची गाणी, स्वयंपाक, शिवणकाम असे त्याचे अनेक प्रकार आहेत. यूट्यूबसारख्या मंचावर दरमहा वर्गणी भरणाऱ्यांसाठी तो नियमाने पुरवावा लागतो. हे काम करणाऱ्यांना ‘कंटेंट क्रिएटर’ असे भारदस्त नाव आहे. त्यांच्या कामाचा दिवस कसा जातो हे मात्र त्या नावावरून कळत नाही.

कोपरखैरण्यातील एखाद्या तरुणीचे आगरी-कोळी स्वयंपाकाचे चॅनेल आहे असे समजावे. तिच्या कामाचा मोठा भाग पडद्यावर दिसतच नाही, कारण तो नियोजनाचा असतो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिला पुढचे तीन महिने आखून ठेवावे लागतात. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा, लगीनसराईत हळदीच्या रात्रीची जेवणे, आषाढ अमावास्येपर्यंत मासळीला असलेली मागणी, श्रावणात एकाएकी शाकाहारी झालेले प्रेक्षक आणि त्यातच येणारी नारळी पौर्णिमा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे त्या दिवसांत सुकट, सुके बोंबील आणि खाडीतील निवट्यांवर भागवायचे. बाजारात पापलेट असेल त्या दिवशी चार भागांचे चित्रण एकदम उरकायचे, दुसऱ्या दिवशी कापाकापी आणि जोडणी करायची, तिसऱ्या दिवशी प्रत्येक भागाला प्रसिद्धीची तारीख व तास लावून तो मंचाच्या हवाली करायचा. ठरलेली घटका येईपर्यंत तो भाग गुप्त राहतो. वर्गणीदारांना दोन दिवस आधी, इतरांना नंतर. तासही विचारपूर्वक निवडावा लागतो. रात्री आठ वाजता वाशीचा प्रेक्षक जेवणाच्या तयारीत असतो आणि न्यू जर्सीतील मराठी कुटुंबाची तेव्हा सकाळ असते. हे सारे करून घरचा स्वयंपाक वेगळाच. घरच्यांच्या हिशेबी मात्र ती दिवसभर ‘मोबाईलवर असते’.

या नियोजनाला नावे ठेवण्याचे कारण नाही. चार आठवड्यांचा साठा तयार ठेवून तो आगाऊ लावून टाकता आला, तर ताप आला म्हणून वर्गणी बुडत नाही, घरात बाळंतपण असले तरी काम थांबत नाही. नियमितपणा हा वाचकाशी केलेला करार असतो, हे मराठी नियतकालिकांना सांगावे लागू नये. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे येऊ लागली. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, त्यानंतर मराठी लेखकाचे वर्षच दिवाळीभोवती फिरू लागले. गणपतीच्या आधी मजकूर हाती आला पाहिजे, ही संपादकांची कटकट ज्यांनी ऐकली आहे त्यांना आगाऊ वेळापत्रक ही काही अमेरिकेहून आलेली अपूर्वाई वाटणार नाही.

फरक आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. मराठी साप्ताहिकाच्या कार्यालयात वर्गणीदारांची एक वही असे. नाव, गाव, वर्गणी संपण्याची तारीख. छापखाना बदलला, कागद महागला, जागा सोडावी लागली, तरी ती वही काखेत मारून संपादक दुसरीकडे जाऊ शकत असे. आजच्या वर्गणीदाराची वही मंचाच्या मालकाजवळ आहे. यूट्यूबवरील सभासदांचे पत्ते चॅनेल चालवणाऱ्याच्या हाती येत नाहीत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्या बंदीच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न वेगळा. खेड्यापाड्यांतील ज्या कलावंतांनी तेथे वर्षानुवर्षे प्रेक्षक जमवला होता, त्यांची मात्र सारी जमवाजमव एका रात्रीत नाहीशी झाली, आणि त्याबद्दल जाब विचारण्याजोगा माणूसही समोर नव्हता.

वही ज्याची, घड्याळही त्याचेच. वेळापत्रक स्वतः आखले अशी कोपरखैरण्यातील तरुणीची समजूत असते. पण ५०० प्रेक्षकांच्या छोट्या चॅनेलला वर्गणी घेण्याची मुभा हवी असेल, तर गेल्या ९० दिवसांत किमान ३ चित्रफिती टाकलेल्या असाव्यात, अशी यूट्यूबची अट आहे. सहा महिने काहीच टाकले नाही तर कमाईचा हक्क काढून घेण्याची सत्ता कंपनीने स्वतःकडे राखली आहे. आजारपण, बाळंतपण, घरातील मृत्यू यांसाठी रजेचा रकाना त्या नियमांत नाही. वर्गणी प्रत्येक सभासद ज्या तारखेला रुजू झाला त्या तारखेला कापली जाते, म्हणून महिन्यातला एकही आठवडा निर्धास्त नसतो. रोज कुणी ना कुणी वर्गणी चालू ठेवावी की सोडावी या विचारात असतो. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमानुसार ही रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास ग्राहकाला सूचना जाते. ग्राहकाच्या दृष्टीने तो नियम रास्तच आहे. परंतु सूचना पोहोचेल त्या दिवशी चॅनेलवर काही ताजे दिसले नाही तर वर्गणीदार गळतो, ही धास्ती काम करणाऱ्याच्या मानगुटीवर कायमची बसते. मासळीच्या बोटी दोन महिने किनाऱ्याला लागतात. या धंद्यात तेवढीही उसंत नाही.

आणि हिस्सा? सभासद-वर्गणीतील ३० टक्के यूट्यूब ठेवून घेते. ४ ऑगस्ट २०२५ नंतर दाखल होणाऱ्यांकडून पेट्रिऑन १० टक्के घेते, पैसे वळते करण्याचा खर्च निराळा. त्यातही वर्गणी आयफोनच्या अ‍ॅपमधून भरली गेली तर अ‍ॅपल कंपनी ३० टक्क्यांपर्यंत आपला वाटा उचलते. नवी मुंबईला टक्क्यांचा हिशेब नवा नाही. सिडकोने संपादन केलेल्या जमिनीचे मोल वाढत गेले आणि तिच्या मूळ धन्याच्या हाती किरकोळ मोबदला राहिला, तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत उरणच्या रस्त्यावर शेतकरी उतरले. गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून विकसित भूखंडाचा साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळाला. आपल्या वाट्याला येणारा टक्का कुणी आणि कसा ठरवला, हे विचारण्याची या भूमीची सवय जुनी आहे.

पक्षाच्या कार्यकर्त्यांतही येथे एक शंका निघते. ही मंडळी स्वखुशीने, हौसेने हे करतात; त्यांतील काही मोटारी घेतात; त्यांना श्रमिक कसे म्हणावे? अशी शंका घेणाऱ्यांनी विडी कामगारांचा इतिहास आठवावा. घरात बसून, आपल्या सोयीच्या वेळी, नगावर मजुरी घेऊन विड्या वळणारी स्त्री ही कामगार नव्हेच, ती स्वतंत्र कारागीर आहे, असे कारखानदार वर्षानुवर्षे सांगत आले होते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी कच्चा माल नेऊन विड्या वळणारीलाही कामगार मानले. दोन्हींतले साम्य ओढूनताणून आणलेले नाही. मोबदला नगावर, जागा आणि वीज कामगाराची, पसंत-नापसंतीचा अधिकार पलीकडच्या माणसाचा. विडी वळणारीला छाट काढणारा निदान समोर दिसत असे. येथे चित्रफीत कुणी मागे ढकलली आणि का, हे कधीच कळत नाही. थोड्यांनी मोटारी घेतल्या हे खरे. ती उदाहरणे मोठ्या अक्षरांत दाखवण्यातच मंचाचा फायदा आहे, कारण त्यांच्याकडे पाहून बाकीचे फुकट राबत राहतात. आणि हौसेचे म्हणाल, तर हौस असली म्हणजे मजुरीचा हक्क संपतो असे तमासगिरांच्या फडालाही कुणी कधी सांगितले नव्हते.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. मालक एक नाही. हजार वर्गणीदार थोडेथोडे पैसे देतात, मंच ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ म्हणतो. मग भविष्यनिर्वाह निधी कुणी भरायचा, रजा कुणी द्यायची? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कोपरखैरण्याच्या बाहेर जाण्याची गरज नाही. त्याच वसाहतीत माथाडी कामगारांची घरे आहेत. मुंबईचा घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आला, त्याच्यासोबत पाठीवर गोणी वाहणारा हा कामगारही आला. त्यालाही एक मालक नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा. ‘हे आमचे नोकर नव्हेत’ असे प्रत्येक व्यापारी म्हणत असे आणि प्रत्येकाचे म्हणणे कागदावर खरेही होते. अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेल्या या कामगारांच्या लढ्यातून महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्याने मालक शोधण्याचा खटाटोपच टाळला. कामगार मंडळाकडे नोंदवावा, व्यापाऱ्यानेही नोंदवून घ्यावे, मजुरी मंडळाकडे भरावी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरावी. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा. काम कुणाचेही असो, हक्क कामगाराच्या नोंदणीला चिकटला. देशातील फार थोड्या कायद्यांत इतकी सरळ कल्पकता सापडेल. तो कायदा आज अनेक ठिकाणी पोखरला गेला आहे, बनावट टोळ्यांनी त्याला बट्टा लावला आहे, हे मान्य करूनही त्यातली मूळ योजना खोटी ठरत नाही.

नव्या संहितेत या योजनेची अंधुक सावली आहे. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यावेत, पण ती रक्कम कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, असे ती म्हणते. कामाचे तास, किमान मोबदला, अकस्मात कामावरून दूर करणे यांविषयी मात्र ती या कामगारांपुरती गप्प आहे. कर्नाटकाने २०२५ साली आपला स्वतंत्र कायदा करून काम बंद करण्यापूर्वी १४ दिवसांची सूचना आणि लेखी कारण सक्तीचे केले. माथाडी कायदा ज्या विधिमंडळाने केला, त्याला बंगळुरूकडून हा धडा घ्यावा लागावा ही नामुष्की आहे, तरी तो घ्यावा. ‘आशय आणि माध्यम सेवा’ या शब्दांत वर्गणी गोळा करणारे सर्व मंच, मग त्यांचे कार्यालय कोणत्याही देशात असो, येतात, असे नियमांत स्पष्ट लिहून घेतले पाहिजे. अन्यथा कंपन्यांचे वकील पहिल्याच दिवशी पळवाट काढतील. सभासदांची यादी, त्यांच्या संमतीने, काम करणाऱ्याला नेता आली पाहिजे. वर्षातून काही आठवडे चॅनेल थांबवले तरी कमाईचा हक्क शाबूत राहिला पाहिजे.

हे होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. जी मुले-मुली हे काम करतात त्यांनी साठ्यातले भाग मंचाच्या भुकेसाठी नव्हे, स्वतःच्या सुट्टीसाठी राखून ठेवावेत. महिन्याचे वेळापत्रक आखताना विश्रांतीचे दिवस आधी लिहावेत आणि प्रसिद्धीचे नंतर. वर्गणीदारांशी टपाल वा ईमेलद्वारे थेट संबंध ठेवावा, म्हणजे वही थोडीतरी आपल्या हाती येईल. हे सल्ले एकेकट्याने पाळणे अवघड आहे, कारण एक थांबला की दुसऱ्याचे चॅनेल पुढे सरकते. दहाजणांनी मिळून एकच आठवडा बंद ठेवायचे ठरवले तर मात्र ते जमू शकते. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली येथील पक्षशाखांनी येत्या महिन्यात आपापल्या वस्तीत अशा कामगारांची नावे लिहून काढावीत. कोण किती तास राबतो, किती रक्कम हाती पडते, कोणत्या महिन्यात कमाई बंद झाली आणि तिचे कारण सांगितले गेले की नाही, एवढी चार खाती त्या वहीत असली तरी पुरे. माथाडींच्या घरांतच ही वही भरू लागेल, कारण बापाच्या हातात मंडळाचे नोंदणीपत्र आणि मुलीच्या हातात मोबाईल अशी घरे तेथे शोधावी लागत नाहीत.