डिलाईल रोड आणि परदेशी व्यापाराची विद्या

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढण्याची वाट मोकळी करून दिली, आणि २०२५ च्या जूनमध्ये यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आदी विद्यापीठांना मुंबई परिसरासाठी इरादापत्रे देण्यात आली. या शाखांत व्यवसाय-व्यवस्थापनाच्या शिक्षणाला मोठी मागणी राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यांचे स्वागत करताना एक सूर असा निघतो की, आंतरराष्ट्रीय व्यापाराची विद्या आता कुठे मुंबईच्या दारी येत आहे. डिलाईल रोडवर उभे राहून हा सूर ऐकला, म्हणजे मोठा विलक्षण वाटतो.

कारण या रस्त्याच्या भोवती जे गिरणगाव वसले, त्याचे पोट प्रथमपासून परदेशी बाजारावर अवलंबून होते. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील तीन-चार दशकांत मुंबईच्या सुताचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन हेच झाले. चीनचा व्यवहार चांदीत आणि रुपयाही चांदीचा, त्यामुळे हुंडणावळीची चिंता नव्हती. १८९३ मध्ये सरकारने चांदीची नाणी मुक्तपणे पाडून देणे बंद केले आणि रुपयाची चांदीशी असलेली गाठ सुटली. चिनी गिऱ्हाईक पूर्वीइतकीच चांदी मोजी, पण तिचे रुपये कमी येऊ लागले. गिरणीतील मजुरी व इतर खर्च मात्र रुपयांतच द्यावा लागे. जपान त्या वेळी चांदीवरच होता. त्याच साली जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीशी हातमिळवणी करून पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजभाड्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिले. पी. अँड ओ.ने भाडी इतकी पाडली की, टाटांना आपली जहाजे थांबवावी लागली. पुढे जपानी गिरण्यांनी चीनची बाजारपेठच मुंबईच्या हातून काढून घेतली. विनिमयदराची जोखीम, वाहतुकीतील मक्तेदारी आणि प्रतिस्पर्धी राष्ट्राची उद्योगनीती हे तिन्ही धडे या एका प्रकरणात सापडतात. व्यवस्थापनाच्या वर्गात उदाहरणे मात्र बहुधा अमेरिकन मोटारींची आणि शीतपेयांची दिली जातात.

या प्रश्नाचा अभ्यास कोणी केलाच नाही, असेही नाही. १९१८ ते १९२० या काळात सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक परळच्या चाळीत राहत होते. त्यांनी लंडनला जाऊन रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९२३ मध्ये ग्रंथरूपाने निघालेल्या त्या प्रबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८९३ चा निर्णय आणि त्यातून उद्भवलेली चलनपद्धती यांची कठोर चिकित्सा केली आहे. आणि ज्यांचे नाव आज डिलाईल रोडला आहे ते ना. म. जोशी १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. जगाच्या व्यवहाराचे ज्ञान हे केवळ मालकपक्षाचे भांडवल नव्हे, ही जाण या परिसरात शंभर वर्षांपूर्वी होती.

पुढे ती क्षीण झाली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको. परंतु एक योगायोग फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. जगाच्या कापडव्यापारावर १९७४ पासून कोट्यांची बंधने होती, ती १ जानेवारी २००५ रोजी संपुष्टात आली. श्रीमंत देशांची बाजारपेठ त्या दिवशी कापड व तयार कपड्यांसाठी अधिक खुली झाली. त्याच वर्षी लोअर परळच्या मुंबई टेक्सटाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली गेली. केवळ अज्ञानामुळे गिरण्या बुडाल्या असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जमिनीचा भाव कापडाच्या भावापेक्षा कैकपटींनी वाढला होता, हे कारण पुरेसे बलवान आहे. तरीही कोट्या उठणार हे १९९५ पासून ठरलेले असताना, गिरणी कामगारांच्या बाजूने तो करार वाचून त्यावर पर्यायी योजना मांडील असे मनुष्यबळ किती होते? करार वाचणारी माणसे एकाच बाजूला असली, की वाटाघाटीचा निकाल बैठकीपूर्वीच लागलेला असतो.

आज त्याच जमिनींवर बहुराष्ट्रीय कंपन्यांची कार्यालये आहेत, आणि बी. डी. डी. चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत वाढलेली मुले तेथे निर्यातीची कागदपत्रे भरतात, हिशेब जुळवतात. लेटर ऑफ क्रेडिट कसे तपासावे हे त्यांना ठाऊक असते. ते तसे का लिहिले जाते आणि डॉलर चढला तर नुकसान कोणाच्या अंगावर येते, हे ज्या वर्गात शिकवतात, त्या वर्गाचे दार त्यांना बंद आहे. अग्रगण्य भारतीय व्यवस्थापन संस्थांचे दोन वर्षांचे शुल्क वीस लाखांच्या वर गेले आहे. शिवाय दोन वर्षे नोकरी सोडावी लागते, ते वेगळेच. कारकुनाच्या घरात कर्ज एक वेळ मिळते, पण दोन वर्षांचा पगार बुडवणे परवडत नाही.

मुंबई विद्यापीठाला हा मार्ग अपरिचित नाही. स्टॅनफर्डच्या सहकार्याने १९६५ मध्ये निघालेल्या जमनालाल बजाज संस्थेने नोकरदारांसाठी संध्याकाळचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम चालवले. त्याआधी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेजने नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरवले होते. हीच परंपरा परळ-दादरच्या महाविद्यालयांत आणावी आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम संध्याकाळी, कारकुनाच्या पगाराला झेपेल अशा शुल्कात सुरू करावा. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या गिरणी मालक संघाचे जुने वार्षिक अहवाल त्यात पाठ्यसाहित्य म्हणून लावावेत.

यावर आक्षेप येईल की, अशा पदवीला बाजारात किंमत नसते. किंमत असते ती संस्थेच्या नावाला आणि तेथे जुळणाऱ्या ओळखींना. आक्षेप अंशतः खरा आहे. बड्या कंपन्या संध्याकाळच्या वर्गात मुलाखती घ्यायला धावत येणार नाहीत. परंतु ज्याची नोकरी आधीच निर्यात विभागात आहे, त्याला दारावर येणाऱ्या कंपनीची नव्हे, बढतीच्या वेळी वरच्या टेबलावर बसण्याच्या पात्रतेची गरज असते. खरी अडचण दुसरी आहे. अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून नवे अभ्यासक्रम तासिका तत्त्वावर रेटण्याची जी सवय लागली आहे, तिच्या बळावर हा विषय शिकवता येणार नाही.

लोअर परळची बरीच कार्यालये सहा-साडेसहाला सुटतात. २०१८ च्या जुलैत बंद झालेला डिलाईल रोडचा पूल २०२३ च्या नोव्हेंबरात पूर्ण खुला झाला, त्यामुळे साडेसातच्या वर्गाला परळपर्यंत पोहोचणे आता कठीण नाही. विद्यापीठाच्या पुढील अर्थसंकल्पात या वर्गासाठी पूर्णवेळ अध्यापकांची किती पदे धरली जातात, ते पाहायचे.