संत्र्यांच्या मुलखातील रक्तक्षय

सौंसर तहसिलीतील बोरगावच्या आसमंतात संत्र्याच्या आंबिया बहराची तोडणी सुरू झाली, की जे फळ ट्रकांत भरून दूरदूरच्या बाजारपेठांकडे रवाना होते, ते तोडणाऱ्या मजूर स्त्रीच्या ताटात मात्र क्वचितच वाढले जाते, आणि ही गोष्ट मला केवळ दारिद्र्याची नव्हे, तर शरीरविषयक अज्ञानाचीही खूण वाटते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयोगटातील शंभरांपैकी 57 स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपली तहसील त्याला अपवाद असेल, असे मानण्यास काहीच आधार नाही.

अस्थींतील तांबडी मज्जा ज्या तांबड्या रक्तपेशी निर्माण करते, त्या सुमारे 120 दिवस जगतात. त्यांतील हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो स्नायूंपर्यंत पोहोचवते, आणि या हिमोग्लोबिनच्या घडणीला लोह अपरिहार्य असते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी यांत लोह आहे. परंतु वनस्पतिजन्य लोह लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात सहजासहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात संत्र्यातील ‘क’ जीवनसत्त्व पोटात गेले तर हे शोषण सुकर होते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते खुंटते. मज्जा, यकृत, प्लीहा ही नावे आमची मुले आकृतीवर बिनचूक दाखवितात. पण आईच्या ताटाशी त्यांचा संबंध त्यांना कोणी सांगत नाही, याचा मला मनस्वी खेद होतो.

म्हणून 2023 साली अस्तित्वात आलेल्या आपल्या पांढुर्णा जिल्ह्याच्या प्रशासनाने बागाईतदारांकडील चुरी, म्हणजे आकाराने लहान म्हणून मातीमोल भावाने जाणारी संत्री, रास्त दराने खरेदी करून अंगणवाडीत व शाळेच्या मध्यान्ह भोजनात देण्याची तजवीज करावी, आणि बहर संपल्यावर त्यांच्या जागी लिंबू वा आवळा द्यावा. फळ मात्र न शिजविताच खावे, कारण शिजविल्याने ‘क’ जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. लोहाच्या गोळ्यांचे वाटप चालू राहावेच. परंतु या भागात सिकलसेलचा आनुवंशिक विकारही आढळतो, आणि त्यातील रक्तक्षयाचे मूळ लोहाच्या अभावात नसते. तेव्हा ज्या घरात हा विकार असेल, तेथील माणसांची रक्ततपासणी गोळ्या सुरू करण्यापूर्वीच व्हावी, आणि ती त्यांच्या गावच्या उपकेंद्रातच व्हावी. तिच्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवून कोणालाही तालुक्याच्या ठिकाणी जावे लागू नये.