भाडं निम्मं, बाकी उधार

गेल्या आठवड्यात डोंबिवलीहून मैत्रिणीचा फोन आला. सात वर्षं आम्ही एकाच डब्यात खांद्याला खांदा घासत उभ्याने प्रवास केलेला, त्यामुळे ख्यालीखुशालीत वेळ घालवायची तिला सवय नाही. "दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिकडे किती पडतात गं?" मी म्हटलं, "११ हजार." पलीकडे इतका वेळ काहीच ऐकू येईना की मला वाटलं रेंज गेली. मग ती म्हणाली, "आम्ही पण निघायचं म्हणतोय."

"या की!" असं अस्सल कोल्हापुरी उत्तर ओठावर आलं होतं, पण बाहेर पडेना. ११ हजार हा आकडा खोटा नाही, पण तो बिलाचा फक्त पहिला कागद आहे. मी पोटासाठी लोकांच्या हिशेबाच्या वह्या तपासते. खर्च सहसा नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या खात्यात जाऊन बसतो, हे मला रोज दिसतं. तर तिला फोनवर न देता आलेलं हे उत्तर.

मे २०२३ मध्ये नवरा, मी, तिसरी पास झालेली लेक आणि सासूबाई असे आम्ही चौघं डोंबिवलीचं बिऱ्हाड आवरून कोल्हापूरला आलो. तसा मुंबईतून माणूस एका उडीत बाहेर पडत नाही. लोकलच्या नकाशावर तो एकेक स्टेशन मागे सरकत जातो. सासरे भुदरगड तालुक्यातून परळच्या गिरणीत आले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. सासऱ्यांनी चाळीतली खोली पागडीवर दिली आणि डोंबिवली गाठली, कारण तेव्हा डोंबिवली परवडायची. तिथे घेतलेल्या घराची इमारत पुढे धोकादायक ठरली, पुनर्विकासाचं गुऱ्हाळ लागलं, आणि घर नावावर असून आम्ही भाड्याने राहायला गेलो. भाडं २४ हजार. दर ११ महिन्यांनी नवा करार, करारागणिक वाढ. विकत घ्यायचं तर ७० लाखांचं कर्ज, म्हणजे साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी दरमहा ६० हजारांच्या वर हप्ता. सासऱ्यांच्या वेळची स्वस्त डोंबिवली त्यांच्या मुलाला परवडेनाशी झाली होती.

नवरा केंद्र सरकारी नोकर. त्याने विनंती बदली मागितली. शब्द नम्र आहे, पण खिशाला महाग. खात्याने आपणहून बदली केली तर सामान हलवायचा खर्च मिळतो, आपण विनंती केली की टेम्पो आपला. सरकारी वर्गवारीत मुंबई 'एक्स' आणि कोल्हापूर 'वाय', म्हणून तेव्हा मूळ पगाराच्या २७ टक्के मिळणारा घरभाडे भत्ता १८ टक्क्यांवर आला. वाहतूक भत्ता निम्मा झाला. माझी फोर्टातली ३८ हजारांची नोकरी सुटली आणि शाहूपुरीतल्या एका सीएच्या ऑफिसात १८ हजारांची मिळाली. वाचलं काय? भाड्यातले १३ हजार, शाळेची व्हॅन, दोघांचे फर्स्ट क्लासचे पास, दमून मागवलेली पार्सलं. दोन्ही बाजूंची बेरीज मारली, तर पहिल्या वर्षी महिनाअखेरीला हातात डोंबिवलीपेक्षा कमीच उरत होते.

आणि ही तूट कोणाच्या खात्यातून गेली तेही बघा. नवऱ्याचं पद तेच राहिलं, खुर्ची तेवढी बदलली. मी मात्र १२ वर्षांचा अनुभव घेऊन पुन्हा खालच्या पायरीवर उभी. 'कुटुंबाने शहर सोडलं' असं आपण सहज म्हणतो. शहर सगळे एकदम सोडतात, किंमत ज्याची त्याची वेगळी असते.

घर शोधताना नवे प्रश्न शिकावे लागले. डोंबिवलीत पहिला प्रश्न असतो, स्टेशनपासून किती मिनिटं? इथे विचारायचं, "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. शहराला पाणी देणारी उपसा केंद्रंच बुडाली, त्यामुळे चहूकडे पाणी आणि घरातले नळ कोरडे. २०२१ ला पुन्हा महापूर. म्हणून दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशी नावं आली की एजंट जरा खाली बघून बोलतो आणि भाडंही उतरतं. स्वस्त गावातलं त्याहून स्वस्त घर कुठे असतं, ते नदीला विचारावं.

आम्हाला मंगळवार पेठेत, पाणी न येणाऱ्या गल्लीत वरचा मजला मिळाला. खाली घरमालकीणबाई. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते. डोंबिवलीच्या मालकाने पॅन, आधार, तीन महिन्यांची अनामत आणि पोलीस पडताळणी मागितली होती. तो आम्हाला चार वर्षांत तीनदा भेटला असेल. आक्कांनी एकही कागद मागितला नाही. चहा पुढे केला आणि नवऱ्याला विचारलं, "पावणं, गाव कुठलं तुमचं?" त्याने भुदरगडातलं नाव सांगितलं. "मामा कुठलं?" तेही सांगितलं. "आडनाव काय म्हनलासा?" मग माझी पाळी. "माहेर?" "डोंबिवली." "ते ऱ्हाऊ दे. मूळ गाव?" आजोबांचं संगमेश्वराजवळचं गाव मी आयुष्यात दोनदा पाहिलंय, ते त्या दिवशी कामी आलं. चहा संपेपर्यंत पडताळणीही संपली. "अनामत किती देऊ?" असं विचारलं तर म्हणाल्या, "द्या की सवडीनं."

मी भारावून गेले. रात्री मात्र एक गोष्ट टोचायला लागली. एजंट जाता जाता बोलून गेला होता की आमच्याआधी एक जोडपं हे घर बघून गेलं, पण "जमलं न्हाई." का जमलं नाही, ते त्याने सांगितलं नाही. मला घर हवं होतं, म्हणून मीही विचारलं नाही. आमच्या गावाने, मामाने आणि आडनावाने आमचा जामीन भरला होता. ज्यांचं आडनाव जामीन राहत नाही, त्यांना हे शहर किती महाग पडत असेल? आता ऑफिसला जाताना दसरा चौकातल्या बोर्डिंगच्या इमारती दिसल्या की हा प्रश्न आठवतो. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, आणि मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी राजर्षी शाहूंच्या पाठबळाने वसतिगृहं उभी राहत गेली. खेड्यातल्या पोराला शाळेआधी छप्पर लागतं, आणि शहर ते आपणहून सगळ्यांना देत नाही, हे त्या राजाने ओळखलं होतं.

जमेच्या बाजूला वेळ आहे. रोजचे साडेतीन तास. सुरुवातीला त्यांचं काय करावं तेच समजेना. सव्वासहाला घरी पोचून मी उगाच घड्याळाकडे बघत बसायचे, काहीतरी चुकवल्यासारखी. मग आम्ही लेकीला घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायला लागलो. तिथे म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाईकासमोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. पिशवीतल्या दुधावर वाढलेल्या माझ्या लेकीने पहिल्या दिवशी विचारलं, "ही फुल क्रीम म्हैस आहे का?" तो माणूस इतका हसला की धार चुकली. तीन महिन्यांत तीच लेक शाळेतून येऊन दारातून ओरडली, "आई, मी आलो!" इथल्या बायका-मुली स्वतःबद्दल अशाच बोलतात: मी आलो, मी जातो, मी बघतो. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती आली होती, हे खरंच होतं.

सासूबाई मात्र आल्या नव्हत्या. भेटेल तो म्हणायचा, "बरं झालं, आपल्या मुलखात परत आलासा." पण त्या १९ व्या वर्षी भुदरगड सोडून गेलेल्या. चाळिसेक वर्षं डोंबिवलीत काढली, तिथल्या भजनी मंडळात टाळ धरला, तिथेच नवरा गेला. भुदरगडातल्या नातलगांनी त्यांना हौसेने दोनदा नेलं. तिसऱ्यांदा त्याच नको म्हणाल्या. "तिथं आता मला नावानं हाक मारणारं कोण हाय?" दुपारी त्या गॅलरीत बसायच्या आणि खालून जाणाऱ्या बायकांकडे बघायच्या. कोणाशी बोलायच्या नाहीत.

माझंही तसंच काहीसं होतं. कल्याणहून सुटणाऱ्या लेडीज स्पेशलला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. पण त्याच डब्यात आम्ही मटार सोलले, दसऱ्याला तोरण बांधून आरती केली, एकीच्या सासूचं ऑपरेशन आणि दुसरीचा घटस्फोट पार पाडला. त्या गर्दीला माझं नाव माहीत होतं, आणि माझ्या मामाचं गाव तिने कधी विचारलं नाही.

मग जुलै २०२४ उजाडला. पंचगंगेने ४३ फूट ओलांडले आणि प्रयाग चिखली, आंबेवाडीची माणसं-जनावरं हलवायला सुरुवात झाली. एका रात्री साडेदहाला आक्का जिना चढून वर आल्या. "चिखलीची माझी भैन आन तिची माणसं येत्यात. खाली सात मावतील. चौघं तुमच्यात." हा प्रश्न नव्हता. मी उत्तर द्यायच्या आत चौघं दारात उभे होते: म्हातारे आजोबा, त्यांची सून, दोन पोरं, आणि मेणकापडात बांधलेली कागदपत्रांची पिशवी.

पाच दिवस दोन खोल्यांत आठ माणसं. आयकर विवरणपत्राची मुदत ३१ जुलैला संपत होती, म्हणजे ऑफिसात वर्षातला सगळ्यात कामाचा आठवडा. घरी यावं तर मोरीला रांग, दोऱ्यांवर न वाळणारे कपडे. आजोबा रात्रभर जागेच. म्हशी पाहुण्यांकडे बांधून आलेले, त्यांचा जीव तिकडे. तासातासाला माझ्या लेकीला विचारायचे, "बाळ, किती फूट?" ती मोबाइलवर बघून सांगायची, "४६, आजोबा." ते मान हलवायचे आणि पुन्हा छताकडे बघत राहायचे.

चौथ्या रात्री माझा तोल गेला. स्वयंपाकघरात, आवाज दाबून, नवऱ्याला म्हटलं, "आपण इथे फुकट राहत नाही. भाडं देतो ना आपण?" नवरा गप्प. सासूबाई ओट्याशी चिखलीच्या सुनेबरोबर भाकऱ्या थापत होत्या. चार दिवस दोघींचं अखंड बोलणं चाललं होतं, सासूबाईंचा आवाज घरात इतका मी वर्षभरात ऐकला नव्हता. मागे न बघता त्या म्हणाल्या, "निम्मं देतो."

आणि भाकरी उलटली.

पाणी उतरलं. माणसं गेली. चिखलीची सून आता दर पंधरवड्याला बाजाराला आली की वर येते आणि सासूबाईंना नावाने हाक मारते. आक्कांनी आभार मानले नाहीत. एक तारखेला मी भाडं द्यायला खाली गेले, तेव्हा त्यांनी नोटा मोजून पदराला बांधल्या आणि एवढंच म्हणाल्या, "लाईट बिल जास्त आलं तर सांग, मी बघतो." अनामतीचा विषय मी काढला. "सवडीनं," त्या म्हणाल्या. ती अजून द्यायचीच आहे. ती घेतली तर आमचा हिशेब पुरा होईल, आणि तो पुरा होऊ द्यायचा त्यांचा विचार दिसत नाही.

मैत्रिणीला आज फोन करणार आहे. भाडं ११ हजार, हे पुन्हा सांगेन. तुझी नोकरी कोणाच्या खात्यात खर्ची पडणार, ते निघायच्या आधी नवऱ्याला विचार, हेही सांगेन. आणि सामान बांधताना जुन्या गाद्या भंगारात काढू नकोस म्हणावं. चार जास्तीच्या इथे लागतात.