आईला दोष देण्याआधी तिची मजुरी मोजा

दोस्तांनो, आता आमच्या आयांवर नवा आरोप आलाय. नववी-दहावीतलं पोरगं गप्प झालं, जेवेना, शाळेला जाईना, की शिकलेला माणूस विचारतो, "लहानपणी आईनं जवळ घेतलं नव्हतं का?" शाहूवाडीतल्या एका शिबिरात हे मी स्वतः ऐकलं. समोरची बाई मान खाली घालून बसली. ती काय बोलणार?

मी सांगते. ती दुसऱ्याच्या खाचरात रोप लावत होती. पाठीवर इरलं, तान्हं बांधावर झोळीत. पान्ह्यानं चोळी भिजली तरी खाचर उरकल्याशिवाय वर येता येत न्हाई. मालक बघतोय. झोळी हलवायला थोरली पोरगी. तिची शाळा तिथंच सुटली. नवरा मुंबईला.

पहिल्या वर्षांतल्या मायेचा पुढं मनावर परिणाम होतो, हे खोटं न्हाई. जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञानं १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी हेच लिहिलं. पण पोरं जपायची तर समाजानं आधी आईबापाला जपावं, हेही त्याच अहवालात आहे. ते पान कुणी वाचत न्हाई. आणि झोळीतच सगळं ठरतं असंही न्हाई. वर्गात जातीवरून रोज हिणवलं, तर त्याला कुठल्या आईचं दूध पुरणार?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीच्या बिलाची बाजू घेतली. बाळंतिणीचा विसावा देशाच्या हिताचा, त्याचा भार सरकारनं उचलावा, आणि तिच्या कामावर नफा काढणाऱ्या मालकानंही, असं त्यांचं म्हणणं. १९२९ ला कायदा झाला, तो कारखान्यातल्या बाईला. खाचरातली राहिली. २०१७ ला पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, तीही नोकरदार बाईला. त्याच साली मजूर बाईसाठी योजना आली: पहिल्या पोराला ५००० रुपये, हप्त्यानं. २६ आठवड्यांवर वाटा. दिवसाला साडेसत्तावीस रुपये! २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालची पाच पोरं असली की सांभाळायला एक बाई नेमायची, असं छापलं होतं. मला तरी ती बाई कधी दिसली न्हाई.

भावांनो, तुमचाही हिशेब काढते. जयंतीच्या मिटिंगा रात्री दोनपर्यंत चालतात. तेव्हा तुमचं तान्हं कोण निजवतं? पोराला हक्काचं माणूस लागतं. ते माणूस बापही असू शकतो. येत्या ग्रामसभेत पाळणाघराचा ठराव मांडा. आणि मांडायला उठाल तेव्हा पोर तुमच्या कडेवर असू द्या.