उंदराचें मरण आणि आपली अहिंसा

"उंदराला कशाला डॉक्टर?" हा प्रश्न हल्लीं पुण्यामुंबईच्या पुष्कळ सुशिक्षित घरांत ऐकूं येतो, आणि तो विचारणारीं माणसें स्वभावानें दुष्ट असतात असें मुळींच नाहीं. मुलांच्या हट्टासाठीं हॅमस्टर, गिनीपिग किंवा पांढरा उंदीर विकत आणावा, त्याचें बारसें करावें, पाहुण्यांपुढें त्याच्या लीलांचें कौतुक करावें. आणि एके दिवशीं तो अंग फुगवून पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत बसला, खाईनासा झाला, कीं सर्व कुटुंबानें एकदम तत्त्वज्ञ व्हावें! आजोबा म्हणतात, निसर्गावर सोडा. आईला मारण्याचें पाप नको असतें. वडील किमतीचा हिशेब करतात. तिघांच्या बोलण्याचा निष्कर्ष एकच : कांहीं करावयाचें नाहीं. या कांहीं न करण्यालाच आपल्याकडे अहिंसा हें भारदस्त नांव मिळालें आहे, आणि आमचें भांडण त्या नांवाशीं आहे.

निसर्गाचा कैवार घेणाऱ्यांना आम्ही एवढेंच विचारतों कीं, पिंजऱ्यांत निसर्ग आला कोठून? रानांतल्या दुखणाईत उंदराला घुबड किंवा साप फार दिवस कण्हत बसूं देत नाहीं. घरांतल्या उंदराला आपण घुबडापासून वांचवलें, त्याबरोबरच त्या झटपट सुटकेलाहि मुकवलें. ज्या दिवशीं पिंजऱ्याचें दार लावलें, त्याच दिवशीं त्याच्या मरणाची जबाबदारी निसर्गाकडून आपल्याकडे आली. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यांत मनुष्याखेरीज प्रत्येक जिवंत जीव 'प्राणी' या शब्दांत येतो, व तो ज्याच्या ताब्यांत असेल त्याच्यावर त्याच्या हिताची काळजी घेण्याचें कर्तव्य घातलें आहे. त्या व्याख्येंत बैल आणि उंदीर असा भेद नाहीं. तो आपण करतों.

हिशेबी वडिलांचें म्हणणें वरवर अधिक सयुक्तिक दिसतें. शेंदोनशें रुपयांचा जीव, आणि त्याच्यावर हजारोंची शस्त्रक्रिया! परंतु शेंदोनशें ही दुकानदाराची किंमत झाली. वेदनेला ती लागू पडत नाहीं. खर्च खरोखरच झेपत नसेल त्याला आम्ही बोल लावीत नाहीं. मात्र उपचार झेपत नसेल, तर पशुवैद्याकडून सुखानें मरण देवविण्याचा मार्ग उरतो. कोपऱ्यांत कुढत ठेवण्याचा तिसरा मार्ग कोणत्याहि हिशेबांत बसत नाहीं.

शिवाय "याला उपाय नाहीं" हें विधान पुष्कळदां केवळ अज्ञानाचें असतें. गिनीपिगच्या शरीरांत, माणसाच्या शरीराप्रमाणेंच, क जीवनसत्त्व तयार होत नाहीं. नुसत्या दाण्यांवर ठेवलेला गिनीपिग लंगडूं लागला तर ती दैवगति असेलच असें नाहीं; तो स्कर्व्हीहि असूं शकेल, आणि वेळीं ओळखल्यास तो बरा होतो. त्याचे दांत जन्मभर वाढतात. दाढा वाढून जिभेवर आल्या कीं समोर गवत असून तो उपाशी मरतो. त्या दाढा वैद्याला घासून कमी करतां येतात. त्यानें एक दिवस अन्न सोडलें तरी तें मोठें संकट समजावें, कारण त्याचें आंतडें रिकामें राहिलें कीं मंदावत जातें. पांढऱ्या उंदराच्या मादीला स्तनाची गांठ येणें ही अगदीं नेहमींची गोष्ट. त्यांतल्या बहुतेक गांठी मारक जातीच्या नसतात, व लहान असतांना काढल्या तर तिला पुढचे कित्येक महिने चांगले जातात. उलट घरांत उरलेलें औषध थोडेंसें पाजून पाहावें, हा उद्योग मात्र घातक. पेनिसिलिनच्या वर्गांतलें औषध पोटांत गेल्यास गिनीपिगच्या आंतड्यांतले उपयुक्त जंतु मरून तो दगावूं शकतो. कुत्रीं व गुरें तपासणाऱ्या प्रत्येक वैद्याला हें ठाऊक असतेंच असें नाहीं. म्हणून या जीवांचा जाणकार वैद्य कोण, याचा शोध दुखण्याआधीं करावा.

याच्या उलट टोंकाचेंहि एक घर असतें. तेथें पैसा आहे, माया आहे, आणि तिसरी गांठ काढल्यावर चौथीचीहि तयारी आहे. उंदराचें आयुष्य दोन-तीन वर्षांचें. त्याचा एक महिना म्हणजे आपल्या हिशेबानें दोन-तीन वर्षें. तो महिना श्वासासाठीं धडपडण्यांत गेला, तर वाढला तो कोणाचा आनंद?

पण त्याला दुखतें हें कशावरून, तो तर ओरडत नाहीं, असें म्हणणारे भेटतात. ज्याची शिकार होते तो प्राणी दुखणें लपवतो. तें उघड करणारा जगत नाहीं. २०१० सालीं कॅनडांतील मॅगिल विद्यापीठाच्या संशोधकांनीं चिमुकल्या उंदरांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याचें कोष्टक प्रसिद्ध केलें. मिटत आलेले डोळे, फुगलेलें नाक व गाल, कानांची आणि मिशांची बदललेली ठेवण, अशीं त्यांतलीं लक्षणें आहेत. ज्या प्रयोगशाळांनीं उंदरांना सर्वांत अधिक सोसावयास लावलें, त्यांनींच त्यांचा चेहरा वाचण्यास शिकावें, आणि मूषकाला गणपतीच्या पायाशीं बसवून पूजणाऱ्या आपण तो पाहूंहि नये, हा योग विलक्षण खरा!

आतां पापाची गोष्ट. १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असाध्य दुखण्यानें तळमळत होतें. उपचारांची आशा संपली तेव्हां गांधीजींनीं त्याला विष टोचवून मरण देवविलें, आणि 'नवजीवना'त तें उघडपणें लिहिलें. मोठा गहजब उडाला. संतप्त पत्रें आलीं. हिंसा कीं अहिंसा हें कृत्याच्या बाह्य रूपावरून नव्हे, तर हेतूवरून ठरतें, असें त्यांचें उत्तर होतें, आणि शस्त्रवैद्याच्या सुरीचा दाखला त्यांनीं दिला होता. गांधीजींचीं सर्व मतें मान्य करावींत असा आमचा आग्रह नाहीं. परंतु त्या वादांतली एक गोष्ट ध्यानांत घ्यावी : वासराचें मरण ज्यांना असह्य झालें, त्यांना त्याची तळमळ चालली असती. तेथें उंदीर असता, तर बहुधा एकहि पत्र आलें नसतें.

मरण द्यावयाचें तेंहि रीतीनें दिलें पाहिजे. बर्फाच्या कप्प्यांत ठेवणें, पाण्यांत बुडवणें हे जे घरगुती सल्ले कानांवर येतात, ते निव्वळ क्रौर्य होत. जाणता वैद्य आधीं वायूनें बेशुद्ध करतो व मग औषध टोंचतो. घरांतल्या मोठ्या माणसानें त्या वेळीं जवळ थांबावें, नोकराच्या हातीं डबा देऊन पाठवूं नये. मुलांनाहि खरें सांगावें. रात्रींतून पिंजरा हलवून सकाळीं "तो पळून गेला" म्हणण्याची युक्ति अनेक घरांत चालते. मूल मग आठ-आठ दिवस कपाटामागें दाणे ठेवीत बसतें.