मांडवातल्या पुठ्ठ्यावरचा पासवर्ड

घरचं यंत्र : साप्ताहिक स्तंभ
शाकंबरीकर, नांदगाव

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत लग्न झालं. मांडवाच्या खांबाला एक खाकी पुठ्ठा सुतळीने बांधला होता. त्यावर जाड मार्करने वायफायचं नाव आणि खाली दहा आकडे. आकडे म्हणजे घरच्या आक्कांचाच मोबाइल नंबर. चाळीसगाव, मनमाड, येवल्याहून आलेल्या पाहुण्यांनी फोन जोडले, हळदीचे फोटो पाठवले. लग्नानंतर मांडव सुटला, पुठ्ठा रद्दीत गेला. पासवर्ड मात्र ज्याने एकदा घातला त्याच्या फोनमध्ये राहिला. तो फोन त्या घरासमोरून कधीही गेला, तरी न विचारता जोडला जाणार.

आठ दिवसांनी आक्कांनी हाक मारली. "सर, नेट लई हळू झालंय. टीव्हीवर सारखं गोल फिरतं. येता का जरा?"

मी गेलो. घरात माणसं दोन, फोन दोन, एक टीव्ही आणि दारावरचा एक कॅमेरा. चार वस्तू. वायफायच्या डब्याच्या, म्हणजे राउटरच्या, यादीत मात्र अकरा दिसत होत्या. पाहुणे तर गावोगाव परतलेले. म्हणजे उरलेले सात फोन गल्लीतलेच, पुठ्ठा येताजाता वाचलेल्यांचे.

"बदलून टाकू," मी म्हणालो. आक्का जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "लोक काय म्हणतील? साधं नेट देत नाही म्हणतील."

हा प्रश्न मला तांत्रिक माहितीपेक्षा महत्त्वाचा वाटतो आणि नांदगावात तो जास्त टोकदार आहे. गिरणा धरण आमच्याच तालुक्यात, तरी उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येईल याचा हिशेब घराघरात बोटांवर मांडला जातो. पिंप, टाकी, हंडे, घागरी भरून ठेवायचं हे गाव. इतकं जपून ठेवलेलं पाणीही शेजारीण कळशी घेऊन आली तर नाकारायचं नाही, ही इथली रीत. ती चांगली आहे आणि टिकावी असंच मला वाटतं. पण त्याच हाताने आपण वायफायचा पासवर्डही देऊन टाकतो आणि तिथे घोटाळा होतो. कळशीभर पाणी दिलं की कळशीभरच जातं. पासवर्ड दिला की घेणारा घराच्या आत येतो. टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, संगणकावर सामायिक ठेवलेल्या फायली, सगळं ज्या अंगणात आहे त्या अंगणात तो उभा राहतो. शिवाय त्याच्या फोनवरून बाहेर जे जातं, ते आपल्या घराच्या नावाने जातं.

हे शेवटचं वाक्य आक्कांना पटवायला मी सानपाड्याची गोष्ट सांगितली. २६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल पोचला होता. त्याचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर आली. तिथे भाड्याने राहणारा माणूस अमेरिकी नागरिक होता. त्याची चौकशी झाली, संगणक तपासले गेले. ईमेल त्याने लिहिला नव्हता. त्याच्या वायफायवरून दुसऱ्याच कुणी तो पाठवला होता. पुढच्याच महिन्यात आणखी एक ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जोडणीवरून गेला आणि १३ सप्टेंबरला दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. तीन ठिकाणं आणि तिन्ही वेळा ज्यांच्या नावावर जोडणी होती त्यांना पत्ता नाही. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिस शहरात फिरून उघडी वायफाय शोधू लागले आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या.

तेव्हा अडचण उघड्या वायफायची होती. आज बिनपासवर्डचं वायफाय क्वचितच दिसतं, पण सगळ्या गल्लीला तोंडपाठ असलेला पासवर्ड आणि नसलेला पासवर्ड यांत फरक कितीसा? आक्कांचं कनेक्शन आक्कांच्या नावावर आहे, आधार त्यांचं जोडलेलं आहे. उद्या कुणी त्यांच्या वायफायवरून कुणाला शिवीगाळीचा मेसेज पाठवला किंवा कुणाच्या खात्याला हात घातला, तर पोलिस पहिल्यांदा त्यांच्या दारात येतील. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बाईने ते का सोसायचं?

त्या म्हणाल्या, "मग बदला."

आता कामाकडे येतो. फोनवरूनही हे होतं, पण मी संगणकाचाच आग्रह धरतो. आक्कांच्या मुलाचा जुना लॅपटॉप घरी पडून होता, त्याला वायर खुपसायची चौकोनी जागा होती. डब्याच्या मागच्या पिवळ्या खाचेतून वायर काढून लॅपटॉपला लावली. हे आधी का, तर वायफायवर बसूनच वायफायचा पासवर्ड बदलणं म्हणजे बसलेली फांदी तोडणं. जतन करा म्हटलं की त्याच क्षणी आपण बाहेर फेकले जातो आणि बदल नीट झाला की नाही तेही कळत नाही. वायरीवर असलो की जोडणी तुटत नाही.

मग डब्याचं पान उघडायचं. त्याचा पत्ता बहुतेक डब्यांवर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, काहींवर वेगळा. डब्याच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर तो छापलेला असतो. कागद फाटला असेल तर विंडोजच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' असा आदेश इंग्रजीत दिला की 'डीफॉल्ट गेटवे' या ओळीसमोर जे आकडे येतात तेच. हा पत्ता ब्राउझरच्या अगदी वरच्या पट्टीत इंग्रजी आकड्यांत टाकायचा. मी अनेकांना तो गुगलच्या शोधचौकटीत टाकताना पाहिलं आहे, मग भलतीच पानं उघडतात आणि त्यातली काही तर पासवर्ड मागायलाच बसलेली असतात. हे पान इंटरनेटवर नसतं, डब्यातच असतं. नेट गेलेलं असतानाही ते उघडतं. ब्राउझर 'सुरक्षित नाही' असा इशारा देईल. आपण वायरीने आपल्याच डब्याशी बोलतो आहोत, तेव्हा तो इशारा इथे घाबरण्याचा नाही. दुसऱ्या कुठल्याही पानावर मात्र तो गंभीरपणे घ्यायचा.

पान उघडलं आणि इथे आमचं अर्धा तास अडलं. पान नाव आणि पासवर्ड मागतं, आणि हा पासवर्ड वायफायचा नव्हे. हा डब्याचा, मालकाचा. वायफायचा पासवर्ड म्हणजे दाराची किल्ली धरली, तर हा म्हणजे कुलूपच बदलण्याचा अधिकार. आक्कांकडे तो नव्हता. तळाच्या कागदावरचा चालेना. कनेक्शन जोडणाऱ्या पोराला फोन केला, तर त्याने क्षणभरही न थांबता फोनवर सांगून टाकला. इतक्या सहज का, ते नंतर कळलं. त्याने जोडलेल्या सगळ्या घरांना एकच आहे. माझ्या घरीही तोच निघाला आणि मी तीन वर्षं तो तपासला नव्हता.

या गोष्टीचा मला खरा राग आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. हत्यार काय होतं? कारखान्यातून येणारी नावं आणि पासवर्ड यांच्या साठेक जोड्यांची यादी. तेवढी यादी एकामागून एक लावून बघत तो लाखो यंत्रांत शिरला आणि २१ ऑक्टोबरला त्या यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या एका कंपनीवर हल्ला केला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं कित्येक तास अडखळली. ब्रिटनने कायदाच केला. २९ एप्रिल २०२४ पासून तिथे सगळ्या यंत्रांना एकच पासवर्ड देऊन घरगुती उपकरणं विकता येत नाहीत. आमच्या तालुक्यात मात्र कनेक्शन घेताना ग्राहकाच्या हातात पावती मिळते, डब्याचा पासवर्ड मिळत नाही. तो वेगळा असावा, लिहून द्यावा आणि ग्राहकासमोर बदलून दाखवावा, एवढी मागणी प्रत्येकाने करायलाच हवी. पैसे आपण भरतो, मग किल्ली दुसऱ्याच्या खिशात का?

तर आत शिरल्यावर आधी हा डब्याचा पासवर्ड बदलला. मग 'वायरलेस' किंवा 'डब्ल्यूलॅन' असं लिहिलेल्या भागात गेलो. तिथे सुरक्षेचा प्रकार निवडायचा असतो. डबा नवा असेल तर डब्ल्यूपीए३, नाहीतर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी दिसला तर तो घेऊच नये, तो २००१ मध्येच फोडला गेला आहे. त्याखाली पासवर्डची चौकट. अक्षरं किमान आठ, जास्तीत जास्त ६३.

मोबाइल नंबर का नको ते इथे सांगतो. डब्ल्यूपीए२ मध्ये एखादा फोन जोडला जात असताना हवेत जे देणंघेणं होतं ते कुणी टिपून घरी नेऊ शकतो आणि मग आपल्या दारात न येता, निवांत बसून पासवर्ड तपासू शकतो. चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला लाखो पासवर्ड तपासतं. आपले मोबाइल नंबर सहा ते नऊ या आकड्यांनी सुरू होतात, म्हणजे शक्यता फक्त चारशे कोटी. काही तासांचं काम. देवाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, महाराजांचं नाव आणि गाडीचा नंबर, हे तर त्याहून आधी सापडतं. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावेत. रांजण, शिट्टी, उडीद, पायरी असे काहीतरी (हेच नव्हे, हे आता छापून आलं). लक्षात राहतात, फोनवर टाइप करता येतात आणि यंत्राला मात्र जड जातात. आक्कांनी स्वतःचे चार शब्द निवडले. ते मी विचारले नाहीत, त्या टाइप करत असताना मी डब्याकडे तोंड करून बसलो.

बहुतेक डब्यांना दोन लहरी असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. बऱ्याचदा दोन्हींचा पासवर्ड स्वतंत्रपणे बदलावा लागतो. एकच बदलला तर मागचं दार तसंच राहतं. 'डब्ल्यूपीएस' नावाची बटण दाबून जोडण्याची सोय असते, ती बंद केली. तिच्या आठ आकडी पिनमधला दोष २०११ मध्ये उघड झाला. रचनाच अशी की ११ हजार प्रयत्नांत ती सापडते. आणि एक कळकळीची विनंती : डब्याच्या मागचं सुईच्या टोकाएवढं रीसेटचं भोक फायबरच्या डब्यावर दाबू नका. पासवर्ड जातोच, पण कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाते आणि पोरगा येईपर्यंत घर नेटविना बसतं.

जतन केलं. सगळे दिवे एकदम विझले, मग एकेक लागले. यादी पुन्हा पाहिली, तर फक्त लॅपटॉप. आक्कांनी दोन्ही फोन, टीव्ही, कॅमेरा एकेक करून जोडले. कॅमेऱ्याने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. पाच यंत्रांच्या वर यादी गेली नाही. टीव्हीवर कीर्तन न अडकता लागलं.

मग त्यांचा तो पहिला प्रश्न उरलाच होता, लोक काय म्हणतील. जुन्या घरात ओसरी असायची. वाटसरू ओसरीवर बसतो, पाणी पितो, माजघरात येत नाही आणि त्यात त्याचा अपमानही होत नाही. बऱ्याच डब्यांत तशी सोय आहे, तिला 'गेस्ट नेटवर्क' म्हणतात. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. त्यावर आलेल्याला नेट मिळतं, घरातली यंत्रं दिसत नाहीत. बाहेर गेलेला मेसेज तरीही आपल्याच नावाने जातो, म्हणून ओसरीही कायम उघडी ठेवू नये. लग्न, बारसं, मुलांची परीक्षा असली तेवढ्यापुरती चालू करावी आणि काम झालं की बंद करावी. दर महिन्याला पासवर्ड बदलत बसण्याची मात्र गरज नाही, मला ते पटतही नाही, कारण मग माणसं तो भिंतीवर लिहून ठेवतात. भाडेकरू गेला, कामाचा माणूस बदलला, मांडव सुटला, की त्या दिवशी बदलावा.

आक्कांच्या डब्यात ही सोय होती. त्यांनी त्या नेटवर्कचं नाव 'ओसरी' ठेवलं. संध्याकाळी समोरचा बारावीतला मुलगा दारात आला. "आक्का, नेट गेलं का वो? माझा फॉर्म भरायचाय." आक्कांनी त्याला आत बोलावलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि ओसरीचा पासवर्ड सांगितला. फॉर्म भरून होईपर्यंत तो पायरीवर बसला होता. तो गेल्यावर आक्कांनी लॅपटॉप पुन्हा उघडला, चष्मा लावला, पत्त्याचे आकडे वहीत बघून एकेक टाकले आणि ओसरी बंद केली. मी नुसता बघत होतो.